एक वाटी म्हणजे नेमकी कुठली वाटी?

आमच्या घरात वाटी मागितली तर तीन प्रकारच्या वाट्या पुढे येतात. एक लग्नातल्या आहेरातली, बुडाशी नाव कोरलेली. एक चांगली खोलगट, तिला ही, म्हणजे माझी बायको, आमटीची वाटी म्हणते. आणि एक बारकी, आणली होती चटणी-लोणच्यासाठी पण सध्या नातू आला की त्याच्या बेदाण्यांना लागते. शुगरबद्दल लिहायला बसलो आणि वाट्यांवर घसरलो असं वाटेल तुम्हाला, पण माझं सगळं गाडं तिथूनच सुरू झालं म्हणून आधी वाट्या.

२०२४ च्या जानेवारीत माझी तीन महिन्यांची सरासरी शुगर, ते एचबीएवनसी का काय म्हणतात ते, ८.९ टक्के आली. शुगर मला २००७ पासून आहे, म्हणजे नवीन काही नाही, पण एवढी कधी गेली नव्हती. पुण्याहून मुलगी आली ती मला घेऊनच गेली एका आहारतज्ज्ञ बाईंकडे. बाई हुशार, वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, बोलायला गोड (बोलण्यातलं गोड चालतं). त्यांनी छापील कागद दिला. सकाळी ओट्स, मधल्या वेळी एक फळ, दुपारी दोन फुलके एक वाटी वरण एक वाटी भाजी अर्धी वाटी भात, रात्री किनवा आणि ब्रोकोली. ब्रोकोली कराडच्या मंडईत मिळतही असेल, पण सत्तर वर्षं मी ती न खाता काढलीत आणि ती माझ्यावाचून. मी एकच विचारलं, मॅडम, एक वाटी म्हणजे नेमकी कुठली वाटी? त्या हसल्या, म्हणाल्या, काका, आपली नेहमीची.

आता मी पस्तीस वर्षं एसटीच्या डेपोत स्टोअर सांभाळलंय. "नेहमीचा नट द्या" म्हणणाऱ्या मेकॅनिकला मी कधी नट दिलेला नाही. साइज सांग, नग सांग, गाडी नंबर सांग, इथं सही कर आणि मग घेऊन जा. तर ही नेहमीची वाटी काही डोक्यातून जाईना. घरी आल्यावर नातवाची जुनी दुधाची बाटली काढली, तिच्यावर मिलीच्या खुणा असतात ना, आणि पाणी ओतून तिन्ही वाट्या मोजल्या. आहेराची १६०, आमटीची २२०, बारकी ११०. म्हणजे एकाच कागदावरच्या एकाच "एक वाटी भातात" सरळ दुपटीचा फरक! आणि शिजलेल्या भातात शंभर ग्रॅममागे २८ ग्रॅमच्या आसपास कार्ब (ज्याची पोटात गेल्यावर साखर होते ते) असतात, तेव्हा हा फरक काही किरकोळ नाही. मी आजवर भात खायचो तो आमटीच्या वाटीने, वर शीग लावून, आणि डॉक्टरांना सांगायचो एकच वाटी खातो हो. खोटं बोलत नव्हतो.

मग काय, मोजायची चटकच लागली. मुलीचा केक करायचा वजनकाटा घरी पडून होता तो काढला आणि हिच्या शेजारी ओट्यापाशी उभा राहिलो. ही भाकरी थापायला पीठ घेते, मी म्हणतो थांब, आधी काट्यावर ठेव. "अहो, भाकरी काय वजन करून थापायची असते का, सोनं आहे का ते" वगैरे झालं, पण ठेवलं बिचारीने. नव्वद ग्रॅम. एका भाकरीला नव्वद ग्रॅम पीठ. आणि आमच्याकडे फुलक्याला लागतं पंचवीस. मी जेवणाला दोन भाकरी खात होतो, "पोळी बंद केली डॉक्टर, आता फक्त भाकरी" असं छाती काढून सांगत होतो, म्हणजे हिशेबाने सात फुलके झाले की हो!

भाकरीवर माझा राग नाही, गैरसमज नको. भाकरीवरच वाढलोय. पण आपल्याकडे भाकरीला औषध समजायची पद्धत पडलीय, त्यात युनोने २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं तेव्हापासून तर विचारूच नका. ज्वारीच्या पिठात आणि गव्हाच्या पिठात पिठूळपणा, म्हणजे कार्ब, जवळपास सारखेच, शंभर ग्रॅमला ६५-७० च्या घरात. चोथा दोन्हीत असतो, गव्हाचं पीठ चाळून कोंडा फेकला तर त्यातला जातो आणि ज्वारी आपण सहसा चाळत नाही एवढंच. बाकी शुगरला भाकरी आहे का पोळी आहे ते कळत नाही, किती आहे ते कळतं.

तर मी एक वही घातली. आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला एक बिन कार्ड असायचं, कधी आली किती आली कुणाला दिली शिल्लक किती. तसंच वहीत रकाने आखले: तारीख, काय खाल्लं, कुठल्या वाटीने, खायच्या आधी शुगर, पहिल्या घासापासून दोन तासांनी शुगर, आणि शेवटी शेरा. बोट टोचून मीटरवर शुगर बघायच्या पट्ट्या स्वस्त नाहीत, त्यामुळे रोज सगळं तपासत बसलो नाही, एका दिवशी एकच पदार्थ धरायचा, आधी एक पट्टी नंतर एक पट्टी. तीन महिने केलं. त्यातले काही आकडे देतो, पण हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे येणार, माझे बघून तुम्ही काही ठरवू नका.

कांदेपोहे, भरपूर प्लेट, सोबत चहा: आधी ११८, नंतर २३१. साधे कांदेपोहे हो! साखरेचा चमचा पण नव्हता चहात. मग दुसऱ्या आठवड्यात तेच पोहे निम्मे घेतले आणि आधी एक वाटी (१६० ची) मोड आलेल्या मटकीची उसळ खाल्ली, वर थोडं दही, तर १७२. पोट उलट जास्त भरलं.

दोन मोठ्या भाकरी, पिठलं, खर्डा: २४८. एक लहान भाकरी, पंचेचाळीस ग्रॅम पिठाची, पिठलं तेवढंच, सोबत शेपूची भाजी: १६९.

शुगर-फ्री लिहिलेली बिस्किटं चार, चहात बुडवून: साठनी वाढली. पुड्याच्या मागे बघितलं तर पहिलंच नाव मैदा. साखर नाही ना त्यात, खरंच लिहिलंय त्यांनी, खोटं काहीच नाही. माझ्या भाताच्या वाटीसारखंच ते.

गुळाचा चहा: इथं जरा थांबतो कारण आमचा भाग कृष्णाकाठचा, उसाचा, इथं गुळाविरुद्ध बोलणं म्हणजे सोयरीक तुटायची वेळ. प्रीतिसंगमावर सकाळी फिरायला जातो तिथे आमचा एक कट्टा आहे, सात-आठ जण, त्यातल्या पाच जणांना शुगर, आणि पाचही जणांचं मत की साखर वाईट पण गूळ चालतो, त्यात लोह असतं, केमिकल नसलेला घ्यायचा फक्त. मी दोन वेगवेगळ्या दिवशी बघितलं, एकदा दोन चमचे साखरेचा आणि एकदा तेवढ्याच वजनाच्या गुळाचा, नुसता चहा, सोबत काही नाही. चार आकड्यांचा फरक. मीटर तेवढं तर तसंही मागेपुढे करतं. शेवटी गूळ काय आणि साखर काय, एकाच उसाच्या रसातून निघतात, गुळात बहुतांश साखरच आहे. हे कट्ट्यावर सांगितलं तर एक जण म्हणाला तुझं मीटर चायनाचं असेल.

मीटरवरून आठवलं. मे महिन्यात एक दिवस आंबे चिरले, दोन फोडी खाल्ल्या, आणि सवयीने दोन तासांनी बोट टोचलं, तर ३४२! हातपाय गार पडले. हिला हाक मारली, ही आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अहो हात धुतलेत का? मधल्या वेळात मी परत एक आंबा सोलून नातवाला दिला होता. साबणाने हात धुऊन पुसून परत टोचलं, १८७. बोटावरचा आंबा मीटरने मोजला होता. तेव्हापासून आधी हात धुणं, कोरडे करणं, मग टोचणं, आणि टोचायचं ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही, कडेला दुखतं कमी.

वहीतून हळूहळू जे कळत गेलं ते तसं साधंच आहे. पानात भाजी-उसळ-ताक आधी संपवायचं, भाकरी-भात मागून घ्यायचा, याने खरंच फरक पडतो, तेच अन्न तेवढंच पण क्रम बदलला की माझे पंचवीस-तीस आकडे कमी येतात. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, अंगणात दहा-पंधरा मिनिटं येरझाऱ्या. जोरात चालायची गरज नाही, या वयात जेवून जोरात चालू पण नये. आणि पिठाचे दोन पदार्थ एका पानात नकोत. आपल्याकडे ते सर्रास असतं, पोळीबरोबर बटाट्याची भाजी, वर भात, सणाला पुरी आणि साबुदाण्याची पापडी, हे सगळं पिठूळच की. बटाटा भाजीत मोडतो असं आपण म्हणतो, शुगर तसं म्हणत नाही.

पण हे सगळं क्रम-बिम ऐकायला सोपं वाटतं, म्हातारपणी एक अडचण येते जी त्या छापील कागदावर नव्हती. दात. माझ्या वरच्या दाढा गेल्यात, कवळी आहे पण ती काकडी-गाजर चावताना हलते, आणि मोड आलेले कच्चे मूग तर खाली जाऊन बसतात आणि टोचतात. मग माणूस काय करतो, मऊ मऊ खायला लागतो. मऊ भात, पेज, शिरा, चहात बुडवलेलं बिस्कीट, दुधात कुस्करलेली पोळी, केळं. म्हणजे नेमकं जे भराभर रक्तात उतरतं तेच सगळं. आमच्या शेजारी एक आजोबा आहेत चौऱ्याऐंशी वर्षांचे, त्यांची सून मनापासून करते सगळं, त्यांना दात नाहीत म्हणून तीन वेळा मऊ गुरगुट्या भात आणि वरणाचं पाणी, आणि मग म्हणते गोड काहीच देत नाही तरी शुगर कशी वाढते. तिची काही चूक नाही हो. कुणी सांगितलंच नाही तिला.

आम्ही असं केलं की काकडी आणि गाजर किसून घ्यायचं, दही घालून, फोडणी देऊन. उसळ कुकरला एक शिट्टी जास्त. पालेभाज्या पातळ करायच्या, चाकवत, चुका, अळू, पळीवाढ्या, ताक लावून, त्यात डाळ आणि शेंगदाणे शिजवून बारीक केलेले. अंडं उकडलेलं, ते चावायला काही लागत नाही. कुळथाचं पिठलं, याला आम्ही हुलग्याचं माडगं म्हणायचो लहानपणी, ते तर दात नसले तरी उतरतं, फक्त त्यात पूर्वीसारखा गूळ घालायचा नाही.

तर सहा महिने हे असं चाललं आणि जूनच्या शेवटी रिपोर्ट आला, ६.३! अहाहा. ८.९ वरून ६.३. मी तो कागद घडी घालून खिशात ठेवून कट्ट्यावर नेला, दाखवला सगळ्यांना. वजन पण सात किलो उतरलं होतं, ६६ चं ५९. सगळे म्हणाले वा, हिरो झालास. विजार कमरेत राहीना, नाडी दोनदा गुंडाळायला लागायची. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही, की देवळात मांडी घालून बसलो की उठताना हात टेकायला लागत होता, आधी लागत नव्हता. आणि वहीत मी वाढलेले आकडे लाल पेनाने लिहायचो, २०० च्या वर गेलं की लाल. कमी आलेले आकडे निळेच. सकाळी उठल्यावर ७४, ६८, एकदा ६३, सगळे निळ्या शाईत, शेऱ्यात "उत्तम".

मग आली आषाढी.

आता एकादशीची गंमत अशी की वहीत साबुदाण्याच्या खिचडीची नोंद आधीच होती. महाशिवरात्रीला मोजली होती, आधी १२१, नंतर २९१. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, कंदाचा, त्यात प्रोटीन नाही चोथा नाही, दाण्याचं कूट आपण घालतो तेवढाच काय तो आधार. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण मीटरवर पहिल्यांदा पाहिली मी. तेव्हा आषाढीला ठरवलं की यंदा उपास खरा करायचा, खिचडी नाही, रताळं नाही, काही नाही, नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. ही म्हणाली, "अहो, वरईचा भात आणि दाण्याची आमटी तरी घ्या थोडी." मी म्हणालो, अगं ६.३ अशीच नाही आली.

आणि सकाळी आठला रोजची गोळी घेतली. सवयीने. डबीतून काढली तोंडात टाकली पाणी प्यायलो, विचारसुद्धा केला नाही. माझी गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली. यातलं ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही खाल्लंय का नाही हे ते विचारत नाही.

साडेबाराला विठ्ठलाच्या देवळात रांगेत उभे होतो दोघं. पाऊस भुरभुरत होता, हवा गार, आणि मला घाम फुटला. आधी वाटलं गर्दीने. मग पुढच्या माणसाच्या शर्टावरच्या चौकटी हलायला लागल्या. ही काहीतरी विचारत होती, नारळाचे पैसे दिलेत का असं काहीतरी, आणि मला पैसे म्हणजे काय हे कळेना, म्हणजे शब्द ऐकू येत होता पण अर्थ लागत नव्हता, आणि मी तिच्यावर खेकसलो. चारचौघात मी कधी असा बोलत नाही. ही नंतर म्हणाली, त्या खेकसण्यावरूनच मला कळलं काहीतरी बिघडलंय. नशीब देवळापासून घर दोन मिनिटांवर, आणि शेजारचा मुलगा रांगेत होता, त्याने एका हाताने धरलं हिने दुसऱ्या. बोट टोचलं. ५२.

हिच्या हातात प्रसादाचा पेढा होता, आधी तोच पुढे केला तिने. शेजारचा मुलगा म्हणाला काकू पेढा नको, साखर द्या पाण्यातून. त्याच्या आईला इन्सुलिन आहे, त्याला माहीत होतं. पेढ्यात खवा, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो, आणि तेव्हा वेळच नसतो. तीन मोठे चमचे साखर अर्धा ग्लास पाण्यात, बसवून पाजली. पंधरा मिनिटांनी ६६. परत तेवढीच. परत पंधरा मिनिटं, ९४. मग हिने मोडला माझा उपास, ताक-भात खायला घातला, त्याच आमटीच्या वाटीने, शीग लावून, आणि मी एक शब्द बोललो नाही. माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल तरच हे पाणी पाजायचं हं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, वही घेऊन. मला वाटलं वहीचं कौतुक होईल. त्यांनी पानं उलटली, लाल आकडे सोडून दिले आणि निळ्या आकड्यांवर बोट ठेवत गेले. ७४. ६८. ६३. म्हणाले, हे "उत्तम" कुणी लिहिलं? मी गप्प. मग ६.३ चा कागद दाखवला तर त्यांचा चेहरा कडूच झाला. म्हणाले, काका, ही सरासरी आहे, तुमची वर २०० ला पण जाते आणि खाली ६० ला पण जाते, दोन्ही मिळून ६.३, यात कौतुक काय. तुमच्या वयाला, सतरा वर्षं जुनी शुगर, त्यात ही गोळी, मला ६.३ नकोच आहे. साडेसातच्या आसपास ठेवू. अगदीच थकलेला, बरेच आजार असलेला माणूस असेल तर आठपर्यंतसुद्धा आम्ही चालवतो. जास्त शुगर नुकसान करते ती वर्षानुवर्षांनी, कमी शुगर अर्ध्या तासात पाडते, आणि या वयात पडलात, खुब्याचं हाड मोडलं, की मग शुगर कुणी विचारणार नाही.

मी बसलो ऐकत. आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होतो, कारण हे तर मला पस्तीस वर्षं पाठ होतं! स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला दोन आकडे असतात, मॅक्सिमम लेव्हल आणि मिनिमम लेव्हल. मॅक्सिममच्या वर माल गेला तर ऑडिटवाला शेरा मारतो, भांडवल अडकलं म्हणतो, बस्स. मिनिममच्या खाली गेला तर गाडी उभी राहते, घाटात, पॅसेंजरसकट. आम्ही मिनिममला घाबरायचो. आणि इथं स्वतःच्या अंगाचं बिन कार्ड लिहिताना मी मिनिममचा रकानाच आखला नव्हता.

ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणलं त्यांनी. आणि एक सांगितलं ते फार कामाचं, की म्हातारपणी शुगर कमी झाल्याची लक्षणं पुस्तकातल्यासारखी येतीलच असं नाही, थरथर धडधड होईलच असं नाही, बीपीच्या काही गोळ्यांमुळे तर धडधड कळतच नाही. माणूस नुसता चिडचिडा होतो, गोंधळतो, बरळतो, आणि घरचे म्हणतात वयामुळे झालं. तेव्हा घरातल्यांनी आधी बोट टोचायचं, मग वयाला दोष द्यायचा.

वजनाचं पण काढलं त्यांनी. सात किलो उतरलं त्यात चरबी किती आणि मांस किती हे कुणी बघितलं? मांडीवरून उठताना हात टेकावा लागतो म्हणजे मांड्यांचं मांस गेलंय. मी भाकरी कमी केली ते बरोबर, पण तिच्या जागी काही घातलं नाही, नुसतंच कमी केलं. साठ किलोच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम प्रोटीन लागतं म्हणाले, आधी किडनीचा रिपोर्ट बघून घेतला त्यांनी, माझं क्रिएटिनिन बरं आहे म्हणून हा आकडा, किडनीचा त्रास असेल तर हे चालत नाही, तेव्हा आपापल्या डॉक्टरला विचारा. मी मोजलं तर माझं पस्तीससुद्धा भरत नव्हतं. एक वाटी पातळ वरणात आपल्याला वाटतं खूप डाळ आहे, असते पाच-सहा ग्रॅम प्रोटीन, बाकी पाणी. म्हणून आता सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं धिरडं, दुपारी घट्ट उसळ, संध्याकाळी दही किंवा घरचं पनीर, रविवारी मटण असतं, पण रस्सा आणि भाताचा डोंगर नाही, चार फोडी आणि एक भाकरी. गुरुवारी आणि सोमवारी अंडं नाही, तेव्हा फुटाणे कुटून ताकात. पायाला मुंग्या यायच्या त्याला मी शुगरच समजत होतो, तपासलं तर बी-बारा कमी, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की होतं म्हणे काही जणांना. त्याची इंजेक्शनं झाली, मुंग्या बऱ्याच कमी आहेत.

सल्ले देणारे काही कमी नाहीत. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात देशात दहा कोटींच्या वर लोकांना मधुमेह आहे असं होतं, आणि मला वाटतं त्या प्रत्येकाला एक तरी नातेवाईक आहे ज्याच्याकडे रामबाण उपाय आहे. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, रात्री भिजवलेली मेथी. मेथीचा चोथा बरा असतो, मी घेतो एक चमचा, पण तिच्या भरवशावर गोळी सोडली असं करणारे दोन जण आमच्या कट्ट्यावरच आहेत आणि दोघांचं पुढे काय झालं ते लिहीत नाही. मध्यंतरी २०१८ च्या सुमाराला तर दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी खायचं, डॉ. दीक्षित की आहारतज्ज्ञ दिवेकर, यावरून कट्ट्यावर इतकी भांडणं व्हायची की राजकारण मागे पडलं होतं. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं होती. मला त्यात पडायचं नाही, मी एवढंच शिकलोय की जो गोळी किंवा इन्सुलिन घेतो त्याने जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने हलवायच्या नाहीत, आधी डॉक्टरला विचारायचं की जेवण गेलं तर गोळीचं काय करू. हा एक प्रश्न मी सतरा वर्षांत कधी विचारला नव्हता.

शेवटची तीन महिन्यांची ७.४ आली. वजन ६२. कट्ट्यावर सांगितली तर म्हणाले, अरे वाढली की, काय झालं, सोडलंस का पथ्य? मी म्हणालो हो, थोडं.

वही चालू आहे अजून, पण आता आठवड्यातून दोनदाच टोचतो, आणि ७० च्या खालचा आकडा लाल. खिशात गोळ्या-चॉकलेट नाही, साखरेची पुडी असते, मेडिकलवाल्याकडची छोटी कागदाची पुडी, तिच्यात मोजून तीन चमचे. शर्ट धुवायला टाकताना ही खिसे तपासते आणि पुडी काढून ठेवते, एकदा विसरली तर सगळी कॉलर कडक झाली होती.

उद्या एकादशी आहे. आता स्वयंपाकघरातून विचारतेय, वरई किती भिजवू. मी म्हणालो बारक्या वाटीने एक, दाण्याची आमटी घट्ट कर आणि काकडी किसून ठेव. सकाळच्या गोळीचं डॉक्टरांनी उपासापुरतं वेगळं सांगितलंय, ते डबीच्या झाकणावर चिकटवलंय. पट्ट्या तीनच उरल्यात, त्यातल्या दोन उद्यासाठी. वरईचा रकाना वहीत अजून कोराच आहे.